पंखे सतत चढउतार करतात तेव्हा: टर्मिनलवरून सर्व्हरचे सेन्सर वाचणे आणि आवरणे

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन प्रोसेसर असलेला, रॅकमधला एक जुना सर्व्हर लिनक्सवर चालतो. मूळ पंख्यांचा आवाज असह्य झाल्यामुळे प्रश्नकर्त्याने त्यांच्या जागी कमी वेगाचे, शांत पंखे बसवले. तेव्हापासून दर काही सेकंदांनी सगळे पंखे एकदम पूर्ण वेगाने घोंगावतात, मंदावतात आणि पुन्हा घोंगावतात. प्रोसेसरचे तापमान मात्र ४० अंशांच्या आसपासच असते. टर्मिनलवरून हे सेन्सर कसे पाहावेत, पंख्यांचा वेग स्वतः ठरवता येईल का, आणि हेच काम दुसऱ्या संगणकावरून करायचे झाल्यास कोणती काळजी घ्यावी, असे त्यांनी विचारले आहे.

तुमच्या वर्णनावरून पंखे बिघडलेले नाहीत आणि सर्व्हर तापलेलाही नाही. मदरबोर्डवरचा व्यवस्थापन नियंत्रक, ज्याला सगळे बीएमसी म्हणतात, त्याची समजूत अशी झाली आहे की तुमचे पंखे मरत आहेत. म्हणून वेग हाताने ठरवण्याच्या मागे लागण्याआधी ती समजूत दुरुस्त करावी, असे माझे मत आहे. नव्वद टक्के वेळा काम तेवढ्यावरच भागते, आणि पंख्यांची जबाबदारी आपल्या अंगावर घ्यावी लागत नाही. ही जबाबदारी म्हणजे नेमके काय, त्याकडे पुढे येतोच.

आधी बीएमसीविषयी. हा सर्व्हरच्या आत बसलेला एक वेगळा छोटा संगणक आहे. त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी आणि स्वतःचे फर्मवेअर असते, आणि तो स्टँडबाय विजेवर चालतो. म्हणजे सर्व्हर बंद असला तरी वायर भिंतीत असेपर्यंत तो जागा असतो. पंख्यांच्या टॅकोमीटरच्या (वेग मोजणाऱ्या) तारा, तापमानाचे सेन्सर, व्होल्टेजच्या रेषा, पॉवर सप्लायची स्थिती हे सगळे त्याच्याकडे जाते. त्याच्याशी बोलण्याची प्रमाणित भाषा म्हणजे आयपीएमआय. इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी या कंपन्यांनी तिची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये आणली, आणि आज जी सर्वत्र दिसते ती २.० ही आवृत्ती २००४ मधली आहे. ही भाषा टर्मिनलवरून बोलणारे सर्वांत प्रचलित साधन म्हणजे आयपीएमआयटूल. फ्रीआयपीएमआय हा दुसरा चांगला पर्याय आहे आणि काही बाबतींत तो अधिक नीटनेटकाही आहे, पण येथे मी आयपीएमआयटूल धरूनच लिहितो. आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत टाकाव्यात.

त्याच सर्व्हरवर बसून वापरायचे असेल तर लिनक्स कर्नलचे दोन मॉड्यूल लागतात: आयपीएमआय_एसआय आणि आयपीएमआय_डेव्हइंटफ. ते मॉडप्रोबने चढवले की आयपीएमआय० नावाची उपकरण-फाइल तयार होते आणि साधन तिच्यातून बीएमसीशी बोलते. ही फाइल सापडत नाही अशी तक्रार आली, तर दहापैकी नऊ वेळा दुसरे मॉड्यूल चढवायचे राहून गेलेले असते. रूटचे अधिकार लागतात. पहिली आज्ञा नेहमी ‘आयपीएमआयटूल एमसी इन्फो’ ही द्यावी. ती बीएमसीचे फर्मवेअर आणि उत्पादक सांगते, आणि तिचे उत्तर आले म्हणजे वाट मोकळी आहे हे कळते.

त्यानंतर ‘आयपीएमआयटूल सेन्सर’ ही आज्ञा द्या. लांबलचक तक्ता येईल. तुमच्या सर्व्हरवर पंख्याची ओळ साधारण अशी दिसत असणार:

फॅन१ | ४००.००० | आरपीएम | सीआर | ३००.००० | ५००.००० | ७००.००० | २५३००.००० | २५४००.००० | २५५००.०००

ही एक ओळ सावकाश वाचण्यासारखी आहे. पहिला रकाना सेन्सरचे नाव, दुसरा आत्ताचे वाचन, तिसरा एकक, चौथा स्थिती. पुढचे सहा आकडे म्हणजे सहा मर्यादा: खालच्या बाजूच्या तीन आणि वरच्या बाजूच्या तीन. खालच्या तीन मर्यादा या क्रमाने येतात: ज्यापलीकडे सावरणे नाही अशी, मग गंभीर, मग नुसत्या इशाऱ्याची. वरच्या बाजूला हाच क्रम उलटा होतो, म्हणजे इशारा, गंभीर आणि शेवटी सावरण्यापलीकडची. वरच्या ओळीत पंखा मिनिटाला ४०० फेऱ्यांवर फिरत आहे आणि गंभीर मर्यादा ५०० आहे, म्हणून स्थितीच्या रकान्यात ‘सीआर’ (क्रिटिकल, म्हणजे गंभीर) उमटले आहे. बीएमसीच्या दृष्टीने हा पंखा बंद पडण्याच्या बेतात आहे. एक पंखा गेला तर उरलेल्यांनी त्याची भर काढावी, म्हणून तो सगळ्यांना पूर्ण वेग देतो. तुमचा शांत पंखा मग १४००-१५०० फेऱ्यांपर्यंत चढतो, मर्यादेच्या वर येतो, बीएमसीला पंखा बरा झाल्यासारखा वाटतो, तो वेग उतरवतो, आणि ४०० वर आल्यावर पुन्हा तेच सुरू. मूळ पंखा अगदी मंद चालतानाही दोन-तीन हजार फेऱ्या देत असे, त्यामुळे ही मर्यादा कधी आड आली नव्हती.

याच ओळीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि मर्यादा बदलताना ती हमखास नडते. सर्वांत वरची मर्यादा २५,५०० का असावी? जगातला कोणताही साधा पंखा त्या वेगाने फिरत नाही. कारण असे की आयपीएमआयमध्ये सेन्सरचे कच्चे वाचन एका बाइटचे असते, म्हणजे ० ते २५५. त्याला ठरावीक गुणकाने गुणून खरा आकडा मिळतो. २५५ गुणिले १०० म्हणजे २५,५००. याचा अर्थ तुमच्या बोर्डवर पंख्याचा वेग १०० च्या पायऱ्यांनीच मोजला जातो. पंखा ४४० फेऱ्यांनी फिरत असला तरी तुम्हाला ४०० दिसेल, आणि मर्यादा २५० ठेवायला गेलात तर ती मुकाट्याने जवळच्या शंभरावर जाईल. काही बोर्डांवर ही पायरी ७५ ची असते. म्हणून नवीन मर्यादा नेहमी पायरीच्या पटीतच द्याव्यात, म्हणजे नंतर ‘मी दिले एक, दिसते दुसरेच’ असे होत नाही.

आता दुरुस्ती. पंखे मंद असताना ‘आयपीएमआयटूल एसडीआर टाइप फॅन’ ही आज्ञा पाच-सहा मिनिटे अधूनमधून चालवा आणि प्रत्येक पंख्याचे सर्वांत कमी वाचन टिपून ठेवा. समजा ते ४०० आहे. मग:

आयपीएमआयटूल सेन्सर थ्रेश फॅन१ लोअर १०० २०० ३००

तीन आकडे चढत्या क्रमाने, म्हणजे सावरण्यापलीकडची, गंभीर आणि इशाऱ्याची मर्यादा, असेच द्यावे लागतात. उलट दिले तर काही बीएमसी चूक दाखवतात आणि काही चक्क स्वीकारून बसतात. प्रत्येक पंख्यासाठी ही आज्ञा वेगळी द्या आणि ‘आयपीएमआयटूल सेन्सर गेट फॅन१’ देऊन मर्यादा खरोखर बसली का ते पडताळा. तिन्ही मर्यादा शून्य करून टाकण्याचा सल्ला तुम्हाला अनेक ठिकाणी मिळेल. तो मानू नका. पंखा खरोखर अडकला तर वाचन शून्यावर येते, आणि शून्याच्या खाली काहीच नसते. मर्यादाही शून्य असेल तर तो पंखा मेल्याचे कोणालाच कळले नाही, असे होऊ शकते.

काही बोर्डांवर बदललेल्या मर्यादा टिकतात. काहींवर बीएमसी पुन्हा सुरू झाला किंवा वीज पूर्ण गेली की मूळ मर्यादा परत येतात. एकदा ‘आयपीएमआयटूल एमसी रीसेट कोल्ड’ देऊन पाहा. त्याने फक्त बीएमसी पुन्हा सुरू होतो, लिनक्स आणि त्यावरची कामे चालूच राहतात. मात्र एक-दोन मिनिटे सेन्सर उत्तर देणार नाहीत आणि त्या वेळात पंखे पूर्ण वेगाने गेले तर दचकू नका. त्यानंतर मर्यादा टिकलेल्या नसतील, तर त्याच आज्ञा सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेच्या) एका छोट्या युनिटमध्ये ठेवा, म्हणजे यंत्र सुरू होताना त्या आपोआप लागू होतील.

मर्यादेला चिकटून आणखी एक संकल्पना येते, हिस्टेरेसिस. मराठीत तिला ‘मागे फिरण्याची सूट’ म्हणता येईल. समजा वरची इशारा मर्यादा ८० अंश आणि सूट २ अंश आहे. ८० ला इशारा उमटला, तर वाचन ७९ वर आल्यावर तो लगेच मिटत नाही. आणखी खाली जावे लागते. ही सूट नसती तर ७९-८० च्या काठावर रेंगाळणाऱ्या एका सेन्सरने घटनांच्या नोंदवहीत रात्रभरात शेकडो ओळी ओतल्या असत्या.

पंख्यांचे येथपर्यंत झाले. आता तक्त्यातल्या बाकीच्या ओळींकडे, कारण त्या वाचता आल्याशिवाय वेगाला हात लावू नये. तापमानाच्या ओळींत प्रोसेसर, मेमरी, चिपसेट, व्होल्टेज नियामक, आत येणारी हवा अशी निरनिराळी ठिकाणे दिसतात. त्यांतला आत येणाऱ्या हवेचा सेन्सर मला सर्वांत बोलका वाटतो. तोच चढला तर दोष सर्व्हरचा नसून खोलीचा असतो, आणि पंखे कितीही फिरवले तरी गरम हवाच आत ओढली जाणार. सर्व्हरसाठी आत येणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, अशी ॲश्रे या वातानुकूलन क्षेत्रातल्या अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे. काही बोर्डांवर प्रोसेसरचे वाचन उणे ४० किंवा उणे ५५ असे दिसते आणि नवखा माणूस गोंधळतो. ते तापमान नसून अंतर असते: प्रोसेसर स्वतःला आवरायला सुरुवात करील त्या बिंदूपासून तो किती अंश दूर आहे, हे तो आकडा सांगतो. उणे ४० म्हणजे अजून ४० अंशांची मुभा आहे. उणे ३ म्हणजे वेळ आली आहे. सर्व्हर बंद असताना ‘एनए’ (वाचन उपलब्ध नाही) दिसले तर त्यातही गैर काही नाही, कारण प्रोसेसरच झोपलेला असतो.

पॉवर सप्लायच्या ओळीत कधी ०एक्स०१८० असा षोडशमान (हेक्साडेसिमल) आकडा दिसतो. लोक तो तापमान किंवा दोषक्रमांक समजून बसतात. तो स्थितीच्या बिटांचा गठ्ठा असतो आणि या विशिष्ट आकड्याचा अर्थ ‘सप्लाय जागेवर आहे, तक्रार नाही’ एवढाच. असे आकडे उकलत बसण्यापेक्षा ‘आयपीएमआयटूल एसडीआर ईलिस्ट’ ही आज्ञा द्यावी. ती तीच स्थिती शब्दांत दाखवते. बोर्डवरच्या नाणेसेलच्या ओळीकडेही वर्षातून एकदा लक्ष द्यावे. तो ३ व्होल्टच्या आसपास असतो आणि २.५ च्या खाली जाऊ लागला की घड्याळ व बायॉसच्या सेटिंगचा भरवसा उरत नाही.

‘आयपीएमआयटूल एसईएल ईलिस्ट’ ही आज्ञा घटनांची नोंदवही दाखवते. तुमच्या यंत्रावर ती सध्या पंख्यांच्या ‘मर्यादेखाली गेला’, ‘मर्यादेवर आला’ अशा जोड्यांनी गच्च भरलेली असेल. ही नोंदवही छोटी असते आणि अनेक बीएमसींवर ती भरली की नवीन नोंद घेणेच थांबते. म्हणजे उद्या खरोखर मेमरी बिघडली तर तिचा पत्ता लागणार नाही. म्हणून आधी ‘एसईएल सेव्ह’ने ती एका फाइलमध्ये ठेवून द्या, मग ‘एसईएल क्लिअर’ करा, आणि ‘एसईएल टाइम सेट नाऊ’ने बीएमसीचे घड्याळ लावून घ्या. तारखेच्या जागी ‘प्री-इनिट’ दिसत असेल, तर बीएमसीला त्या क्षणी वेळच ठाऊक नव्हती असा त्याचा अर्थ.

येथे बरेच जण विचारतात की आपले नेहमीचे ‘सेन्सर्स’, म्हणजे एलएम-सेन्सर्स हे पॅकेज, का वापरू नये. ते वापरा, पण वाचनापुरते. प्रोसेसरमधले तापमान ते थेट वाचते आणि ते बीएमसीपेक्षा चटकन मिळते; कर्नलच्या एचडब्ल्यूमॉन फाइलींत तोच आकडा हजारांश अंशांत असतो, म्हणजे ४२००० असेल तर ४२ अंश. परंतु ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ चालवताना एसएमबसवर (मदरबोर्डवरच्या चिपांना जोडणाऱ्या तारांवर) शोध घेऊ का असे ते विचारील, तेव्हा सर्व्हरवर ‘नाही’ म्हणावे. त्या बसवरच्या चिपा बीएमसी स्वतः सतत वाचत असतो. एकाच चिपेला दोन मालक एकदम प्रश्न विचारू लागले की दोघांनाही भलतीच वाचने मिळतात. घरगुती संगणकावर पंख्याला ० ते २५५ असा आकडा लिहून वेग बदलता येतो, तशी फाइल बहुतेक सर्व्हरांवर सापडतच नाही, कारण पंखे बीएमसीच्याच ताब्यात असतात.

आता हाताने वेग ठरवण्याविषयी. पहिली गोष्ट ही की आयपीएमआयच्या प्रमाणित भाषेत ‘पंखा ३० टक्क्यांवर चालव’ अशी सर्वसाधारण आज्ञाच नाही. जे काही चालते ते उत्पादकाने स्वतःसाठी राखून ठेवलेल्या कच्च्या आज्ञांतून चालते आणि ‘आयपीएमआयटूल रॉ’ असे लिहून पुढे षोडशमान बाइट द्यावे लागतात. डेलच्या जुन्या पॉवरएज पिढ्यांवर ३०, ३०, ०१, ०० या चार बाइटांनी स्वयंचलित नियमन बंद होते, ३०, ३०, ०२, एफएफ, १४ यांनी सर्व पंखे २० टक्क्यांवर जातात (१४ हा षोडशमान आकडा आहे), आणि ३०, ३०, ०१, ०१ यांनी नियमन परत बीएमसीकडे जाते. आयड्रॅक ९ (डेलच्या बीएमसीची एक पिढी) हिच्याच पुढे आलेल्या फर्मवेअर आवृत्त्यांत ही वाट बंद केली गेली. सुपरमायक्रोच्या एक्स१० आणि एक्स११ पिढ्यांत आधी ३०, ४५, ०१, ०१ देऊन ‘पूर्ण वेग’ हा प्रकार निवडावा लागतो आणि मग ३०, ७०, ६६, ०१ यांच्यापुढे पंख्यांचा विभाग व टक्केवारी द्यावी लागते. पहिली पायरी गाळली तर बीएमसी थोड्या वेळाने तुमचा आकडा पुसून आपला लिहितो. एका उत्पादकाच्या बाइटा दुसऱ्याच्या यंत्रावर कधीही टाकू नका. त्याच क्रमांकाचा अर्थ तिथे काय असेल हे फक्त त्या फर्मवेअरला माहीत, आणि रॉ आज्ञा ‘नक्की करू का’ असे विचारत नाही.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. स्वयंचलित नियमन बंद केले त्या क्षणापासून तापमान वाढले तर पंखे वाढवणे हे तुमचे काम झाले. मी हे अंगावर घेऊन पाहिले आहे. दर तीस सेकंदांनी प्रोसेसरचे तापमान वाचून पंख्यांचा वेग ठरवणारी एक स्क्रिप्ट मी लिहिली होती आणि ती कित्येक महिने निमूट चालली. मग एका रात्री बीएमसीचे फर्मवेअर अद्ययावत केले. नव्या फर्मवेअरमध्ये सेन्सरच्या नावात एक मोकळी जागा वाढली होती. स्क्रिप्टला ती ओळ सापडेना, तापमानाच्या जागी रिकामी किंमत आली, शेलने ती शून्य धरली, आणि शून्य अंश म्हणजे फारच थंड, म्हणून स्क्रिप्टने पंखे किमान वेगावर नेऊन ठेवले. सकाळी तक्रार आली ती ‘सर्व्हर तापला’ अशी नव्हे, तर ‘आज सगळे संथ का चालले आहे’ अशी. प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करून चालला होता. अर्धा दिवस मी डेटाबेसच्या क्वेरी तपासत बसलो. नोंदवही उघडली तेव्हा पहाटेपासूनचे तापमानाचे इशारे तिथे रांगेत उभे होते.

तेव्हापासून अशी स्क्रिप्ट लिहायची झाली तर मी काही गोष्टी सोडत नाही. वाचन रिकामे आले, अंक नसला किंवा अशक्य वाटला तर नियमन ताबडतोब बीएमसीकडे परत द्यायचे, अंदाज बांधायचा नाही. सिस्टमडीच्या युनिटमध्ये नियमन परत देणारी आज्ञा ‘एक्झेकस्टॉपपोस्ट’ या ओळीत ठेवायची, कारण स्क्रिप्टमधला ट्रॅप (बंद होताना चालणारा आवराआवरीचा भाग) सक्तीने मारलेल्या प्रक्रियेत चालत नाही, ही ओळ मात्र प्रक्रिया कशीही मेली तरी चालते. स्क्रिप्ट जिवंत असून अडकली तर काय, यासाठी त्याच युनिटमध्ये वॉचडॉग, म्हणजे ठरावीक वेळात खूण आली नाही तर स्क्रिप्ट बंद पाडणारा पहारेकरी, लावायचा. आणि एवढे करूनही कर्नलच गोठला तर पंखे शेवटच्या वेगावरच अडकून राहतील, म्हणून किमान वेग असाच निवडायचा की त्या वेगावर सर्व्हर पूर्ण भाराखाली तासभर चालला तरी मर्यादा ओलांडणार नाही. त्यासाठी प्रत्यक्ष भार देऊन तासभर बसावे लागते. ते कंटाळवाणे आहे, पण त्याला दुसरा मार्ग नाही.

नुसत्या प्रोसेसरच्या तापमानावर वेग ठरवणे हीही माझी त्या स्क्रिप्टमधली चूकच होती. सर्व्हरमध्ये पंखे पुढून मागे एकच झोत फेकतात आणि त्याच झोतावर डिस्क, मेमरी, व्होल्टेज नियामक आणि मागची कार्डे जगत असतात. डिस्क जोडणारे किंवा १० गिगाबिटचे नेटवर्क कार्ड घ्या: त्यावर बिनपंख्याचा छोटा उष्णताशोषक असतो आणि त्याचे तापमान पुष्कळदा बीएमसीला दिसतही नाही. प्रोसेसर निवांत ४० अंशांवर असताना हे कार्ड भाजून निघू शकते. म्हणून डिस्कचे तापमान ‘स्मार्टसीटीएल’ने वेगळे वाचावे आणि कार्डाचे त्याच्या स्वतःच्या साधनाने. तुमच्या शांत पंख्यांच्या बाबतीत तर हा मुद्दा अधिकच लागू आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण दाब एक-चतुर्थांश उरतो. आणि सर्व्हरमधल्या दाट उष्णताशोषकांतून हवा ढकलायला दाबच लागतो. (पंख्याची वीज मात्र एक-अष्टमांशावर येते, आणि मोह होतो तो त्यामुळेच.) मर्यादा दुरुस्त झाल्यावर घोंगावणे थांबेल, पण हे पंखे या पेटीला पुरेसे आहेत की नाही हा प्रश्न वेगळा राहतो. मोठ्या भाराखाली सर्व तापमाने पाहूनच त्याचे उत्तर द्यावे.

दूरवरून वापरण्यासाठी बीएमसीला स्वतःचा नेटवर्क पत्ता असतो. ‘आयपीएमआयटूल लॅन प्रिंट १’ तो दाखवते. दुसऱ्या यंत्रावरून ‘लॅनप्लस’ हा प्रकार, पत्ता आणि वापरकर्ता दिला की वरच्या सगळ्या आज्ञा तशाच चालतात, शिवाय सर्व्हर पूर्ण बंद असतानाही ‘चॅसी पॉवर ऑन’ देता येते. ‘लॅन’ हा जुना प्रकार वापरू नका, त्यात संवाद उघडा जातो. नुसते सेन्सर वाचण्यासाठी एक वेगळा, ‘यूझर’ पातळीचा वापरकर्ता बनवा. मात्र आयपीएमआयटूल आपण होऊन प्रशासकाची पातळी मागते, म्हणून आज्ञेत ‘-एल यूझर’ (एल कॅपिटल) लिहावे लागते. अन्यथा पासवर्ड बरोबर असूनही सत्र उघडत नाही आणि माणूस पासवर्डच बदलत बसतो. पासवर्ड आज्ञेतच लिहिला तर तो शेलच्या इतिहासात राहतो. त्याऐवजी तो फक्त तुम्हालाच वाचता येईल अशा फाइलमध्ये ठेवून ‘-एफ’ने (एफ लहान) द्यावा. सेन्सरांची यादी नेटवर्कवरून प्रत्येक वेळी नव्याने ओढायला बराच वेळ लागतो. ‘एसडीआर डंप’ने ती एकदा फाइलमध्ये उतरवून पुढे ‘-एस’ने (एस कॅपिटल) तीच फाइल दिली की फरक लगेच जाणवतो.

सुरक्षेबाबत माझे मत ठाम आहे: बीएमसीचा पत्ता इंटरनेटवर कधीही उघडा ठेवू नये, आणि कार्यालयाच्या सर्वसाधारण नेटवर्कवरही नको. हा संवाद यूडीपी ६२३ या पोर्टवर चालतो. आयपीएमआय २.० च्या ओळख पटवण्याच्या रीतीतच असा दोष आहे की कोणीही अनोळखी माणूस फक्त वापरकर्त्याचे नाव देऊन पासवर्डपासून बनलेली खूण मागून घेऊ शकतो आणि मग निवांत बसून अंदाज लढवू शकतो. २०१३ मध्ये हा दोष जाहीर झाला आणि तो प्रमाणातच असल्यामुळे फर्मवेअर बदलून जात नाही. त्याच सुमारास ‘सायफर शून्य’ हा ओळख न तपासणारा प्रकार चालू राहिलेल्या यंत्रांत कोणताही पासवर्ड चालतो हेही उघड झाले. तो प्रकार बंद असल्याची खात्री करून घ्या. पासवर्ड जास्तीत जास्त २० बाइटांचा असू शकतो, तेव्हा पूर्ण लांबीचा आणि यादृच्छिक ठेवा. आणखी एक सापळा असा की काही बोर्डांवर व्यवस्थापनाच्या वेगळ्या पोर्टला केबल नसली तर बीएमसी गुपचूप सर्वसाधारण नेटवर्क पोर्टवर सरकतो. ‘मी केबलच लावलेली नाही’ हा म्हणून बचाव होत नाही.

नवीन यंत्रे घेणार असाल तर रेडफिश पाहा. डीएमटीएफ या प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये आणलेले, बीएमसीशी बोलण्याचे हे नवे प्रमाण एचटीटीपीएसवरून जेसन या मजकुरी स्वरूपात उत्तर देते आणि पुढची वाट तीच आहे. पण तुमच्या जुन्या सर्व्हरसाठी आयपीएमआयच खरे.

मर्यादा बदलून झाल्या की एक चाचणी मात्र करा. सर्व्हरवर महत्त्वाचे काम नसताना, झाकण काढून, चालू यंत्रातल्या एका पंख्याची जोडणी सोडवा. पाती फिरत असतात, तेव्हा बोटे आणि सैल बाह्या दूर ठेवा. काही सेकंदांत बाकीचे पंखे पूर्ण वेगाने चढले पाहिजेत आणि ‘एसईएल ईलिस्ट’च्या शेवटी त्या पंख्याच्या नावाने गंभीर नोंद उमटली पाहिजे. जोडणी परत लावल्यावर वेग उतरला पाहिजे आणि नोंद मिटल्याची दुसरी ओळ आली पाहिजे. पंखे शांतच राहिले तर आधी ‘सेन्सर गेट’ने त्या पंख्याची स्थिती पाहा: वाचन शून्य असूनही इशारा नसेल तर मर्यादा फार खाली गेल्या आहेत, त्या एकेका पायरीने वर आणा, आणि वाचनाऐवजी ‘एनए’ येत असेल तर तुमचा बीएमसी सुटलेल्या पंख्याला ‘बसवलेलाच नाही’ असे धरतो. मग सोडवलेली जोडणी परत लावा, आणि पुढच्या वेळी सर्व्हर बंद असताना प्लगमधली फक्त टॅकोमीटरची तार मोकळी करून हीच चाचणी पुन्हा घ्या.